झाडांच्या कामासाठी कॅबओव्हर ट्रक: मागे चिपर जोडण्याआधी दारावरचा स्टिकर वाचा



आपल्याकडे ट्रक म्हटलं की चपट्या तोंडाचाच डोळ्यासमोर येतो. ड्रायव्हर एकदम पुढे, काचेला नाक लावून, आणि इंजिन त्याच्या बुडाखाली. भाजी मार्केटमध्ये उभा असलेला आयशर टेम्पो आठवा. याला इंग्रजीत कॅबओव्हर म्हणतात, म्हणजे इंजिनच्या डोक्यावर केबिन. अमेरिकेत मात्र लांब नाकाच्या ट्रकचं राज्य आहे. १९८२ साली तिथे कायदा बदलला. मोठ्या हायवेवर ट्रक आणि ट्रेलरची मिळून एकूण लांबी मोजणं बंद झालं, फक्त ट्रेलरची लांबी मोजायला लागले. मग पुढचं नाक आखूड ठेवण्यात काही फायदाच उरला नाही, आणि लांब पल्ल्याचे मोठे कॅबओव्हर हळूहळू गायब झाले.

पण छोटे कॅबओव्हर टिकले. गल्लीबोळात डिलिव्हरी करणारे, लॉन कापणारे आणि झाडं तोडणारे लोक ते आजही घेतात. आजचा लेख या शेवटच्या मंडळींसाठीच्या ट्रकबद्दल आहे.

मी न्यू जर्सीत राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डिग्री मेकॅनिकलची आहे, त्यामुळे ओळखीत कुणालाही गाडी घ्यायची झाली की फोन मलाच येतो. माझ्या शेजाऱ्याचा झाडं छाटायचा छोटा धंदा आहे. तो स्वतः, एक मदतनीस, एक पिकअप आणि एक लहान चिपर, एवढाच पसारा. चिपर म्हणजे फांद्या आत ढकलल्या की त्यांचे बारीक तुकडे करून नळीतून बाहेर फेकणारं यंत्र. ते स्वतःच्या इंजिनवर चालतं, त्याला चाकं असतात आणि ते ट्रकच्या मागे ओढून न्यायचं असतं. शेजाऱ्याने १२ इंची, सुमारे ६,००० पौंडांचा म्हणजे २,७०० किलोचा चिपर घ्यायचं ठरवलं होतं. त्याच्यासाठी वापरलेला इसुझू एनपीआर-एचडी एका डीलरकडे पाहिला होता. डीलर म्हणाला, "सहज ओढेल, काळजीच करू नका."

खरी गोची इथेच आहे. ट्रक ओढेल की नाही हा प्रश्नच नाहीये. ओढेल. प्रश्न आहे तो किती भरून ओढेल, आणि उतारावर थांबेल का.

स्टिकरवरचे दोन आकडे

आपल्या ट्रकच्या अंगावर रंगाने यू.डब्ल्यू., आर.एल.डब्ल्यू. असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. रिकामं वजन आणि भरून जास्तीत जास्त वजन. अमेरिकेत हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरच्या रूपात असतं. तिथला मुख्य आकडा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर: ट्रक, डिझेल, माणसं, अवजारं, माल, सगळं धरून त्या एका ट्रकचं कमाल वजन. दुसरा आकडा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रक आणि मागचा ट्रेलर मिळून कमाल वजन. हा बहुतेक वेळा स्टिकरवर नसतोच, कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो. आणि लोक नेमका हाच विसरतात.

इसुझूच्या एन सीरिजचे डिझेलचे आकडे बघा. एनपीआर-एचडीचा जीव्हीडब्ल्यूआर १४,५०० पौंड, जीसीडब्ल्यूआर २०,५००. एनक्यूआरचा १७,९५० आणि २३,९५०. एनआरआरचा १९,५०० आणि २५,५००. काही लक्षात आलं का? तिन्हीकडे फरक बरोब्बर ६,००० पौंडांचा आहे. म्हणजे ट्रक काठोकाठ भरलेला असेल तर मागे ओढायला साधारण ६,००० पौंडच उरतात, मॉडेल कुठलंही घ्या. मोठं मॉडेल घेतलं म्हणून जास्त वजनाचा ट्रेलर ओढता येतो असं इथे होत नाही. मोठ्या मॉडेलने ट्रकमध्ये जास्त माल बसतो, बस.

तुलनेला नाकवाला फोर्ड एफ-५५० घ्या. त्याचाही जीव्हीडब्ल्यूआर १९,५०० पर्यंत जातो, पण डिझेलमध्ये जीसीडब्ल्यूआर ३०,००० च्या बराच पुढे. ज्याला १८ इंची अवजड चिपर किंवा ट्रेलरवर लोडर ओढायचाय त्याने कॅबओव्हरच्या नादी लागू नये, सरळ नाकवाला घ्यावा. माझं हे मत पक्कं आहे. ६ ते १२ इंची चिपरवाल्यासाठी मात्र कॅबओव्हरचा विचार करण्यासारखा आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

आता हिशोब करू

सॉफ्टवेअरमध्ये आपण बॉटलनेक शोधतो. इथेही तेच करायचं आहे. मर्यादा अनेक आहेत, त्यातली सगळ्यात आधी कुठली गाठली जाते ते बघायचं.

शेजाऱ्याला मी सांगितलं की आधी तो ट्रक काट्यावर घाल. अमेरिकेत मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. थोड्या पैशांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. डीलरने काहीही सांगू दे, माहितीपत्रकात काहीही असू दे, वर लोखंडी डंप बॉक्स आणि टूलबॉक्स बसवल्यावर खरं वजन किती झालंय हे काटाच सांगतो. टाकी फुल्ल, दोघं आत बसलेले, आरे आणि दोरखंड टाकलेले, अशा अवस्थेत तो ट्रक भरला ९,६०० पौंड.

१४,५०० मधून ९,६०० गेले, राहिले ४,९००. यातूनही चिपरच्या दांड्याचं वजन वजा करायचं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हिचवर, म्हणजे ट्रकवरच टेकलेला असतो. ६,००० चे ६००. उरले ४,३००. जीसीडब्ल्यूआरच्या बाजूने मोजलं तर २०,५०० वजा ९,६०० वजा ६,०००, म्हणजे ४,९००. दोन्हींत लहान आकडा आपला: ४,३०० पौंड माल.

आता बॉक्स बघू. लांबी १२ फूट, रुंदी ८० इंच, उंची ५ फूट. घनफळ झालं ४०० घनफूट, म्हणजे जवळपास १५ घनयार्ड. ताज्या ओल्या चिप्सचं (बटाट्याच्या नव्हे हो, लाकडाच्या) वजन झाडानुसार आणि ओलाव्यानुसार बदलतं, पण घनयार्डाला ५०० पौंड धरून चाललं तरी भरलेला बॉक्स झाला ७,४०० पौंडांचा.

परवानगी ४,३०० ची आणि बॉक्स ७,४०० चा! म्हणजे बॉक्स अर्ध्याच्या थोडा वर, साधारण ५८ टक्के भरला की कायदेशीर मर्यादा संपली. त्याच्या वर टाकलेली प्रत्येक फांदी ओव्हरलोड. आणि कामाच्या ठिकाणी, दुपारी ३ वाजता, बॉक्समध्ये अजून एवढी जागा दिसत असताना कोण थांबणार? कुणीच नाही. म्हणून अर्ध्या क्षमतेचा ट्रक घेऊन "आम्ही कमी भरू" हा प्लॅन चालत नाही. एक तर बॉक्स लहान घ्या, किंवा ट्रक मोठा घ्या.

हाच हिशोब एनआरआरचा करू. तसाच बॉक्स टाकून रिकामा ट्रक १०,६०० पौंड धरला तर १९,५०० मधून उरतात ८,९००, दांड्याचे ६०० काढून ८,३००. जीसीडब्ल्यूआरच्या बाजूने ८,९००. म्हणजे ८,३०० पौंड. बॉक्स काठोकाठ भरला तरी ७,४००. इथे आधी बॉक्स भरतो, नंतर मर्यादा येते. मला हवी होती ती परिस्थिती हीच. डोळ्याला दिसणारी मर्यादा आधी यायला पाहिजे, न दिसणारी नंतर. एनक्यूआर या दोघांच्या मधला आहे. तिथे बॉक्स जवळपास भरतो, पण पावसात भिजलेल्या चिप्स असतील तर जपून.

ओंडक्यांचा हिशोब याहून वाईट आहे. ताज्या तोडलेल्या रेड ओकचं लाकूड घनफुटाला सुमारे ६३ पौंड भरतं, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकंच जड. २ फूट व्यासाचा, ८ फूट लांब ओंडका झाला २५ घनफुटांचा, वजन १,५०० पौंडांच्या वर. त्या एनपीआर-एचडीमध्ये असे तीन टाकले की खेळ खलास, आणि बॉक्स दिसतोय रिकामा. ओंडके वेगळ्या खेपेने न्या, चिपर घरी ठेवून.

दांड्याचं वजन जिथे बसतं तिथून दुप्पट त्रास देतं

६०० पौंड हिचवर टेकले म्हणजे मागच्या ॲक्सलवर ६०० वाढले, असं नाही. हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, म्हणून तिथे सी-सॉ तयार होतो. समजा व्हीलबेस १५० इंच आहे आणि हिच मागच्या ॲक्सलपासून ७० इंच मागे. मग पुढच्या चाकांवरचं वजन ६०० गुणिले ७० भागिले १५०, म्हणजे २८० पौंडांनी कमी होतं आणि मागच्या ॲक्सलवर ८८० वाढतं. अकरावीच्या फिजिक्समधला टॉर्क, दुसरं काही नाही.

कॅबओव्हरमध्ये हे थोडं पथ्यावर पडतं, कारण इंजिन, केबिन आणि माणसं सगळी पुढच्या ॲक्सलवर बसलेली असतात. पुढचं टोक मुळातच जड असतं, सहज हलकं होत नाही. पण फार आखूड व्हीलबेस आणि मागे लोंबणारा लांब बॉक्स अशी जोडी असेल तर स्टीअरिंग हलकं लागायला लागतं. एनपीआर साधारण १०९, १३२.५, १५० आणि १७६ इंच व्हीलबेसमध्ये येतो. १०९ वर मोठा बॉक्स कुणी चढवला असेल तर तो ट्रक बघायलाही जाऊ नका. १२ फुटी बॉक्स आणि चिपर यासाठी मला १५० ठीक वाटतो.

लायसन्सचा घोळ

अमेरिकेतल्या वाचकांना हा प्रश्न नक्की पडेल. १९,५०० चा ट्रक आणि ७,५०० रेटिंगचा चिपर मिळून २७,००० झाले. मग सीडीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स लागेल का? २६,००१ चा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, म्हणून सगळे घाबरतात.

फेडरल नियमात क्लास ए साठी दोन अटी आहेत आणि त्यांच्यामध्ये 'आणि' आहे, 'किंवा' नाही. जोडीचं रेटिंग २६,००१ किंवा जास्त, आणि ट्रेलरचं रेटिंग १०,००० च्या वर. चिपर १०,००० च्या आत असेल तर दुसरी अट खोटी ठरते. क्लास बी तेव्हा लागतो जेव्हा एकट्या ट्रकचं रेटिंग २६,००१ च्या पुढे जातं, तेही इथे नाही. म्हणून या जोडीला सीडीएल लागत नाही. शेजाऱ्याच्या मदतनिसाकडे साधं लायसन्स होतं, आणि तो गाडी चालवू शकत नसता तर सगळा धंदा एका ड्रायव्हरवर आला असता. त्यामुळे हा मुद्दा त्याच्यासाठी पैशांपेक्षा मोठा होता. तरी तुमच्या राज्याचे नियम एकदा बघून घ्याच.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. लायसन्स मुख्यतः स्टिकरवरच्या रेटिंगवरून ठरतं, आणि काट्यावर पकडलं जातं ते खरं वजन. आणि राज्याची हद्द ओलांडून कामाला जात असाल, म्हणजे न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात, तर १०,००१ पौंडांपासूनच डीओटी नंबर आणि ड्रायव्हरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. ते सीडीएलशी संबंधित नाही.

मग एवढं करून कॅबओव्हरच का?

जागा. बोनेट नसल्यामुळे तेवढाच बॉक्स असलेला ट्रक नाकवाल्यापेक्षा काही फुटांनी आखूड होतो आणि पुढची चाकं जास्त वळतात. उपनगरातला अरुंद ड्राइव्हवे, दोन्ही बाजूला लॉन, एका बाजूला मालकिणीची गुलाबाची झाडं, आणि मागे चिपर. अशा ठिकाणी हे फूट फार महत्त्वाचे ठरतात. ड्रायव्हरला समोरची जमीनही जवळून दिसते.

तोटेही सांगतो. ड्रायव्हर ॲक्सलच्या वर बसतो, म्हणून खड्डा थेट कमरेला कळतो. समोर धडक बसली तर मधे काहीच नसतं. आणि रिव्हर्स घेताना एक विचित्र गोष्ट होते. चिपर बॉक्सपेक्षा अरुंद आणि आखूड असतो, त्यामुळे सरळ असताना तो आरशात दिसतच नाही. दिसायला लागतो तेव्हा तो आधीच वाकडा झालेला असतो, आणि आखूड ट्रेलर क्षणात जॅकनाइफ होतो. मागचा कॅमेरा इथे चैन नाही, गरज आहे.

इंजिनपर्यंत पोचायला आयशरसारखी अख्खी केबिन पुढे उलटावी लागते. म्हणून बॉक्सचा पुढचा भाग केबिनच्या टपावर येणारा असेल तर केबिन उघडणारच नाही. नाकवाल्या ट्रकवर तसा छज्जा सर्रास असतो. कुणी जुना बॉक्स उचलून कॅबओव्हरवर बसवला असेल तर हे हमखास दिसतं.

डंपिंगचंही लक्षात ठेवा. चिपर जोडलेला असताना बॉक्स उचलला तर सगळ्या चिप्स चिपरवरच पडतील. म्हणजे प्रत्येक खेपेला चिपर सोडायचा आणि परत जोडायचा. दांड्याचा जॅक चांगला नसेल तर दिवसात दोनदा कंबर मोडते.

डिझेल की पेट्रोल

एन सीरिजचं ५.२ लिटर डिझेल २१५ हॉर्सपॉवरचं आहे. त्याला एक्झॉस्ट ब्रेक येतो, जो उतारावर चिपर मागे असताना फार कामाचा. पण २००७ नंतरच्या अमेरिकन डिझेलला डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर असतो. भारतात बीएस-६ गाड्या आल्यावर शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना जो दिवा लागायला लागला, तोच हा. झाडांच्या कामात ट्रक ५-१० मैल जातो, दिवसभर उभा राहतो आणि परत येतो. एक्झॉस्ट तापतच नाही आणि काजळी जळत नाही. मग गाडी उभी करून मुद्दाम रीजनरेशन करावं लागतं. त्या वेळी एक्झॉस्ट इतका तापतो की खाली सुकी पानं किंवा भुसा असेल तर पेट घेऊ शकतो. आणि या धंद्यात खाली नेहमी तेच असतं! रीजन करायचं ते डांबरावर, साफ जागेत.

पेट्रोलचा व्ही-८ घेतला तर ही कटकट नाही, इंधन मात्र जास्त खातो आणि एक्झॉस्ट ब्रेकही नाही. सपाट भागात, जवळच्या जवळ काम असेल तर मी पेट्रोल घेईन. डोंगराळ भागात डिझेल.

ब्रेक, आणि जुना ट्रक बघताना

भरलेला ट्रक १४,५०० चा आणि मागे चिपरच्या चाकांवर ५,४००. चिपरचे ब्रेक जोडलेलेच नसतील तर ट्रकच्या ब्रेकना एक तृतीयांशापेक्षा जास्त ऊर्जा जादा जिरवावी लागते, तीही प्रत्येक सिग्नलला. अशा चिपरला सहसा इलेक्ट्रिक ब्रेक असतात, आणि ते चालायला ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर आणि ७ पिनचं सॉकेट हवं. आधी डिलिव्हरीसाठी वापरलेल्या कॅबओव्हरमध्ये हे बहुतेक वेळा नसतं. दिवे लागले म्हणजे ब्रेकही लागले असं समजू नका. त्या दोन्हींच्या तारा वेगळ्या.

शेजाऱ्याने तो एनपीआर-एचडी सोडून दिला. डीलरला ते आवडलं नाही. महिन्याभराने त्याला पेनसिल्व्हेनियात एक एनआरआर मिळाला, थोडा जास्त पळालेला. मधे एक फ्युसो कॅन्टर ४x४ ही बघून झाला होता. ओल्या लॉनवर त्याच्यासारखा दुसरा नाही. पण फ्युसोने २०२० साली अमेरिकेत नवे ट्रक विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्याची रोजीरोटी एकाच ट्रकवर आहे त्याने पार्ट्ससाठी वाट बघत बसायची जोखीम घेऊ नये असं मला वाटलं, आणि त्यालाही.

जुना ट्रक बघायला गेलात तर खाली वाका. हिच ज्या चॅसीला बोल्ट केलाय तिथे गंज आणि वेल्डिंगच्या खुणा बघा. हिचच्या प्लेटवर रेटिंग छापलेलं हवं, नसेल तर नवा बसवायचा खर्च किमतीतून कापा. टायर बघा: एनपीआर-एचडीला १६ इंची असतात, एनक्यूआर आणि एनआरआरला १९.५ इंची, त्यामुळे बदलायचा खर्चही वेगळा. शेवटी केबिनमधलं सगळं सामान बाहेर काढायला सांगा, नाहीतर उलटवल्यावर सगळं काचेवर येऊन पडतं. मग केबिन स्वतः उलटवून बघा. लॉक नीट बसतो का, केबिन आणि बॉक्सच्या मधल्या फटीत किती भुसा साचलाय, तारा उंदरांनी खाल्ल्यात का. दहा मिनिटांचं काम आहे, आणि डीलर ते करू देत नसेल तर पुढचा ट्रक बघायला जा.